फ्लेक्सवरची भाडेकरीण

सारसोळ्याची पुतळा कोळीण चौथी शिकलेली. अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या जरमीनाला तिने खोली दिली, तेव्हा आधी सोबतच्या लेकराला भात वाढला, भाड्याचं मग बोलली. निर्वासितांचे हक्क वगैरे तिला काय कळणार? ते कळणारी माणसं नेरूळच्या फ्लॅटांत राहतात.

आधार कार्ड नाही म्हणून शाळेने जरमीनाच्या मुलीला परत पाठवलं. पुतळा दोघींना घेऊन सुचित्राबाईंच्या सहृदय नागरिक मंचाकडे गेली. मंच असा कळवळला म्हणता! दोन परिसंवाद झाले, बटाटेवडे झाले, हक्कांचं पत्रक छापून झालं. शाळेत जायला तेवढी कुणाला सवड झाली नाही. जरमीनाने एकच विनवणी केली, "फोटो कहीं मत लगाना. देवर ढूंढ रहे हैं." सुचित्राबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना फोटोसाठी जवळ सरकायला सांगितलं.

पुतळा दोन दिवस दिघ्याला बहिणीकडे होती. परतताना पाहते तर नाक्यावर हा भला मोठा फ्लेक्स. वर मायलेकींचे चेहरे, खाली हात जोडलेले अकरा पदाधिकारी. घरून मासळीचा कोयता आणून तिने भर दुपारी ते दोन चेहरे कापून काढले.

सुचित्राबाईंचा लगेच फोन. "पुतळाताई, फ्लेक्सची काय दशा केलीत?"

"तुमची अकरा तोंडं शाबूत हायेत. मोजून बघा."

खोलीत जरमीना कपडे बांधत होती. "उद्याचा दिस थांब, पोरीचं नाव शालंत घालते," पुतळा म्हणाली. जरमीनाने गाठोड्याची गाठ आवळली.

सकाळी पुतळा मंचाचंच पत्रक घेऊन शाळेत गेली. कागद नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही, असं त्यात छापलं होतं. मंचात कुणी ते वाचलं नसावं. ती ओळ बोटाने दाखवून तिने मोठ्या बाईंसमोर बसकण मारली. "नाव लागल्याबिगर मी उठनार नाय." दुपारपर्यंत नाव लागलं.

प्रवेशाची चिठ्ठी घेऊन ती घरी आली, तर खोलीला कुलूप. किल्ली तिच्या मासळीच्या पाटीत ठेवलेली. पुतळा पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

मंचाच्या अहवालात 'एका निर्वासित मुलीला शाळाप्रवेश' असं ठळक छापून आलं. पहिलीच्या वर्गात हजेरीला ते नाव अजून पुकारतात.