मराठीत नसलेले शब्द

"बाई, फुफी गेली." त्या सकाळी इम्रानचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे?" ...तो पलीकडे गप्प झाला, तेव्हा मला कळलं. शमीम बागवानला जाऊन आज सहा आठवडे झाले. माझा तो खुळा प्रश्न तिला सांगता आला असता, तर पोट धरून हसली असती.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. तिने गणित, मी मराठी. इम्रान तिचा भाचा, आत्याला फुफी म्हणणारा, आमचाच विद्यार्थी. शमीमने लग्न केलं नाही, कसब्यात भावाच्या घरीच राहिली. तिच्या पिशवीत डब्याशेजारी कायम एक जुनं इंग्रजी पुस्तक असे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका लेखकाने मुलांसाठी लिहिलेलं, निरर्थक गाण्यांनी आणि अचाट कल्पनांनी भरलेलं. तोही गणितच शिकवायचा, याचा तिला कोण अभिमान! "त्या काळी मुलांची पुस्तकं म्हणजे उपदेशाचा काढा," ती म्हणायची. "याने मुलांना शहाणं करायचा प्रयत्नच केला नाही. केवढा विश्वास असेल त्यांच्यावर!" शेवटच्या तासाला ती त्यातलं काहीबाही मराठीत सांगायची आणि भिंतीपलीकडून तिच्या वर्गाचं हसणं माझ्या वर्गात ऐकू यायचं. मला हेवा वाटायचा.

पुढे तिने त्याचा अनुवाद करायला घेतला. त्या लेखकाने दोन शब्द एकमेकांत मिसळून नवेच घडवले होते, म्हणून तिनेही तसे मराठी शब्द घडवले. वही विश्वासाने मला वाचायला दिली आणि मी... मी ते सगळे शब्द लाल शाईने खोडून शेजारी लिहिलं, 'असा शब्द मराठीत नाही.' तिने पानं उलटली. "इंग्रजीतही नव्हता," एवढंच म्हणाली आणि वही पिशवीत टाकली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, पण त्या अनुवादाचा विषय तिने काढला नाही आणि मी माफी मागितली नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरात माझे यजमान गेले. मुलगी परदेशात, वारज्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. भेटायला येणारे हळूहळू थांबले. शमीम मात्र दर गुरुवारी दोन बस बदलून यायची. सांत्वनाचं एक अक्षर बोलायची नाही. एकदा तिने विचारलं, "रिकामं घर संध्याकाळी आपल्याला जे करतं ना, त्याला काय म्हणशील?" मी म्हटलं, "सुनवाळतं. सुनं करतं आणि कुरवाळतंही."

"असा शब्द मराठीत नाही," ती थेट माझ्या आवाजात म्हणाली. दोघी हसलो, आणि मग मी रडले. यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या खेपेला ती वही घेऊन आली.

दोन वर्षांत अनुवाद पुरा झाला. एका प्रकाशकांनी विचारलं, "यातून मुलांनी घ्यायचं काय?" "काहीच नाही, म्हणून तर," शमीम म्हणाली. हस्तलिखित परत आलं. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, शब्दही विस्कटले. घरच्यांना ते कळत नसत, मला थोडे कळायचे. आता मी कसब्यात जाऊ लागले. शेवटच्या भेटीत तिने माझं मनगट धरून एक शब्द उच्चारला... आजाराने मोडलेला, की तिने घडवलेला? मला कळला नाही. मी समजल्यासारखी मान हलवली. तिने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. 'म्हणजे काय गं?' एवढं विचारायला हवं होतं. तिला ते हवं असणार.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर इम्रानने मला तिच्या खोलीत नेलं. कपडे वाटून झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, डिसेंबरपर्यंतच्या प्रत्येक गुरुवारी, डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं : वारजे. तिला तर जिनाही उतरवत नव्हता.

"काढू का हे, बाई?" इम्रानने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "वर्ष संपायचंय अजून."