चौदा नंबरची धूळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबात नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. ते आमच्या हडपसरच्या ऑफिसच्या गेटवर दोन तास उभे होते, तेव्हा मी दौऱ्यावर नव्हतो. पहिल्या मजल्यावर काचेच्या आड उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो.

पण असं मधूनच सांगायला लागलो तर तुम्हाला ते गृहस्थ दिसायचे नाहीत. आधी ते दिसायला हवेत.

हातात एखादा छोटा ट्रक दिला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, ट्रक टेबलावर ठेवायचे, स्वतः खाली वाकून हनुवटी टेबलाला टेकवायचे आणि एक डोळा पुढच्या चाकापाशी नेऊन विचारायचे, "कुठून येऊन राहिली ही?"

ट्रक बोटाएवढा. तो कुठून येणार? दुकानातून. पण हे उत्तर त्यांना चालत नसे.

आम्ही आगगाड्यांची मॉडेलं करणारे पंधरावीस जण. दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. बहुतेकांचा जीव वाफेच्या इंजिनांत. हे एकटे आले ते डिलिव्हरीचे ट्रक घेऊन. वर्ध्याकडचे. तरुणपणी खडकीच्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले. चाळीस वर्षं पुण्यात काढूनही बोलण्यातलं "जी" आणि "राहिले" सुटलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

आमच्या अध्यक्षांनी पहिल्याच रविवारी त्यांना ऐकवलं, "आपण पाटी वाचली असेलच खाली. रेल्वेचा क्लब आहे. ट्रक घेतले तर उद्या बैलगाड्याही घ्याव्या लागतील."

काका शांतपणे म्हणाले, "मालगाडीतला माल स्टेशनातून घरी चालत जाते का जी?"

अध्यक्षांना उत्तर सुचलं नाही. पुण्यात हे क्वचितच घडतं, म्हणून काकांना सभासद करून घेतलं.

मग हळूहळू आमच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, मालधक्क्याच्या बाजूला एक रस्ता आला, गोदाम आलं, गोदामाबाहेर पार्सलच्या गाड्यांची रांग आली. बाहेरून मागवलेला परदेशी ट्रक घेऊन ते पहिल्यांदा करवतीच्या पात्यानं त्याची केबिन कापायचे आणि डावीकडचं स्टिअरिंग काढून उजवीकडे बसवायचे. "आधी याला आपल्या रस्त्यावर चालता आलं पाहिजे," म्हणायचे. आरशांना तांब्याची तार, बंपरला औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा, ताडपत्रीला वापरलेल्या टी-बॅगचा कागद. शेवटी आत ड्रायव्हर. तांदळापेक्षा थोडा मोठा माणूस, पण एकाचा कोपर खिडकीबाहेर, एकाच्या खांद्यावर टॉवेल, एक जांभई देणारा.

आणि मग धूळ. खरी धूळ.

बाकीचे लोक रंगाच्या पावडरीनं गाड्या मळवतात. काका दर आठवड्याला बसनं हडपसरला यायचे, कारण तिथे बाहेरगावचे ट्रक लागतात. खिशात कापडात गुंडाळलेला ब्रश आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या. मी एकदा बरोबर गेलो होतो. उभ्या ट्रकच्या चाकावरच्या पत्र्यावर ते ब्रश फिरवत होते, तेवढ्यात ड्रायव्हर उतरून आला.

"ओ काका, काय चोरताय?"

"धूळ."

"कसली?"

"तुम्ही कुठून आले?"

"चिपळूणवरनं."

"मग चिपळूणची."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तो म्हणाला, "घ्या की पाहिजे तेवढी! पुसतच आहात तर सगळी गाडीच धुऊन द्या."

काका खूप हसले. बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, चिपळूण. घरी ती धूळ मलमलीतून चाळायची, फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये पातळ करायचा आणि त्यानं ती मॉडेलवर बसवायची. कोकणातून आलेल्या गाडीच्या चाकांवर तांबडी, नांदेडकडून आलेलीवर काळी, खडी वाहणारीवर राखाडी. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढीच. मला शिकवताना म्हणाले होते, "चूक झाली तर घाबरायचं नाही. स्पिरिटनं सगळी निघते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत प्रशासन बघतो. आमच्या डायरेक्टरांनी ठरवलं की रिसेप्शनमध्ये काचेखाली आमच्या गोदामाचं मॉडेल हवं. मी काकांचं नाव सुचवलं. वीस गाड्या करायच्या होत्या. काकांना एवढा आनंद झाला की ते नुसते माझा दंड धरून उभे राहिले.

त्याच सुमारास त्यांनी मला सांगितलं, "काचबिंदू आहे. उजवा गेला, डावा जाऊन राहिला. डॉक्टर म्हणते, जे गेलं ते परत येत नाही." मग म्हणाले, "या वीस होतील. या शेवटच्याच. एकदा मांडलेल्या पाहतो, खाली वाकून. मग गेला तरी चालते."

मी म्हणालो, "उद्घाटनाला मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन, काका." हे मी म्हणालो होतो. त्यांनी मागितलं नव्हतं.

काम सात महिने चाललं. शेवटी शेवटी ते भिंग लावून, डोकं तिरपं करून, डाव्या डोळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यातून बघून काम करायचे. चौदा नंबरची गाडी दाखवताना एक बाटली पुढे केली. त्यावर त्यांच्या गावाचं नाव होतं. तीसेक वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा शेताच्या बांधावरून आणलेली माती. पुढे शेत विकलं गेलं.

"आजवर कोणत्याच गाडीला लावली नव्हती," ते म्हणाले. "ही माझी. ही घरून येऊन राहिली." त्या गाडीत ड्रायव्हर नव्हता. "त्याला वेळ लागते. तो मागून देतो."

वीस गाड्या मी माझ्या कारमधून, बुटांच्या खोक्यांत कापूस घालून ऑफिसात नेल्या. मांडल्या. डायरेक्टर आले. त्यांनी काचेचं झाकण उघडायला लावलं, एका ट्रकवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"हे मळकं का आहे?"

"सर, ते मुद्दाम..."

"आपल्या गाड्या क्लायंटला अशा दाखवायच्या? साफ करून घ्या. सोमवारी फंक्शन आहे."

खिडकीबाहेर आवारात आमच्याच गाड्या उभ्या होत्या, चाकांपासून टपापर्यंत मळलेल्या. मी तिकडे बोट दाखवू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो सर."

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असतं. पँट्रीच्या सिंकमध्ये स्टीलचा ट्रे ठेवला, स्पिरिट ओतलं, दात घासायचा ब्रश घेतला. आधी चिपळूण निघालं, मग नांदेड. ट्रेमध्ये थोडा वेळ तांबडं आणि काळं वेगवेगळं दिसत होतं, नंतर सगळ्याचा एकच चिखल झाला. तीन गाड्यांवरची अक्षरं उडाली. एकीचा आरसा तुटला.

चौदा नंबरची मी बाजूला ठेवली होती. एकोणीस स्वच्छ गाड्यांत एक मळकी कोणाच्या नजरेत आली असती का? आली असती. म्हणून तीही धुतली. ट्रे सिंकमध्ये ओतला आणि वरून नळ सोडला.

काकांना फोन करून सांगितलं, फंक्शन पुढे गेलंय, तारीख ठरली की कळवतो.

"काही हरकत नाही जी," ते म्हणाले. "डावा थांबून राहिला आहे अजून."

फंक्शन झालं. टाळ्या झाल्या. हे कुणी केलं, असं एका पाहुण्यानं विचारलं, तर डायरेक्टरांनी माझ्याकडे हात केला आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तीन आठवड्यांनी ते आले. खडकीहून दोन बस बदलून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यात भिंग अडकवून. गेटवरच्या वॉचमननं फोन केला, "साहेब, एक आजोबा आलेत. तुम्हाला भेटायचंय म्हणतात. त्यांच्या गाड्या आत आहेत म्हणतात."

"मी दौऱ्यावर आहे म्हणून सांग."

"पण साहेब, तुम्ही तर..."

"सांगितलं ना?"

मी काचेपाशी गेलो. वाटलं, वळतील आणि जातील. ते गेले नाहीत. गेटच्या बाजूला उभे राहिले. गाडी आत येताना थांबली की ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि चाकापाशी तोंड नेऊन बघायचे. एकदा एका ड्रायव्हरशी काहीतरी बोलले. तो हसला. काय विचारलं असेल ते मला वरूनही कळलं. दोन तासांत मी तीनदा जिन्यापर्यंत गेलो. जिना सतरा पायऱ्यांचा आहे. एवढंच मला त्या दुपारबद्दल नक्की माहीत आहे.

ते गेल्यावर वॉचमननं काड्यापेटी आणून दिली. "म्हणाले, चौदा नंबरचा माणूस आहे, जपून ठेवा."

कापसात ड्रायव्हर होता. डोक्याला पांढरं मुंडासं, दोन्ही हात पुढे, स्टिअरिंग धरल्यासारखे. नीट दिसत नसताना त्यांनी तो कसा रंगवला कोण जाणे. मिशीसुद्धा होती.

संध्याकाळी मी फोन केला. "अहो काका, नेमका दौऱ्यावर होतो. आधी कळवायचं तरी!"

"असू द्या जी. गाड्या पाहिल्या मी," ते म्हणाले. "खऱ्या पाहिल्या." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना समजलं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पावसाळ्याआधी डावा डोळाही गेला. मुलगी नागपूरला घेऊन गेली. क्लबात त्यांचं नाव निघालं की अध्यक्ष म्हणायचे, "माणूस विक्षिप्त होता, पण हात सोन्याचा." मी चहा घ्यायचो.

दिवाळीला त्यांचा फोन यायचा. माझ्या घरच्यांची चौकशी करायचे, मग विचारायचे, "धूळ टिकली का जी?"

"टिकली, काका."

"चौदा नंबरची?"

"सगळ्यात चांगली तीच दिसते."

"बसवला का त्याला?"

"बसवला."

पाच दिवाळ्या. पाचही वेळा मी हेच बोललो, आणि दरवर्षी ते बोलणं जास्त सफाईदार होत गेलं. शेवटच्या फोनला मी स्वतःहून सांगितलं की लहान मुलं काचेला नाक लावून ती गाडी बघतात. काका ऐकून हसले. आमच्या रिसेप्शनला लहान मुलं येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. काही दिवसांनी पार्सलची एक छोटी गाडी आमच्या सोसायटीत आली. डिलिव्हरीवाल्यानं खोकं हातात दिलं. मी त्याच्या गाडीच्या चाकांकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "सर, ओटीपी."

खोक्यात बाटल्या होत्या. चाळीसएक. प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेलं गाव. सोबत मुलीची चिठ्ठी: "बाबा म्हणायचे, धुळीची किंमत एकट्या तुम्हालाच कळते. म्हणून तुम्हाला पाठवत आहे." बाकीच्या बाटल्यांत थोडी थोडी धूळ आहे. त्यांच्या गावची बाटली रिकामी आहे. ती त्यांनी सगळी चौदा नंबरला लावली होती.

मॉडेल अजून रिसेप्शनमध्ये आहे. त्याच्या काचेवर हल्ली कुरिअरची पाकिटं ठेवतात. झाकणाची किल्ली माझ्याच खणात असते, काड्यापेटीशेजारी. वर्ध्याला जायला पुण्याहून थेट गाडी आहे. काकांचं गाव तिथल्या स्टेशनापासून फार लांब नाही, मी नकाशात पाहून ठेवलं आहे. त्यांच्या मुलीचा नंबरही माझ्याकडे आहे. यातलं काहीच अवघड नाही, आणि यातलं काहीही मी केलेलं नाही.

त्यांच्या मुलीला मला खरं सांगायचं आहे. चौदा नंबरच्या गाडीला त्यांच्या गावची धूळ द्यायची आहे, आणि तिचा ड्रायव्हर.