पाठीला भिंत

सत्तर सालाच्या सुमारास गांधीबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पतंगवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मांज्यानं कापू नयेत म्हणून बोटांना चिंध्या बांधलेल्या, डावा पाय लंगडा. मी अकरा वर्षांची होते. "मले पतंग उडवणं शिकवा," म्हटलं, तर भाऊ हसला. "तू दोऱ्याची चक्रीच धर वं!"

पतंगवाला पाय ओढत आमच्या गच्चीवर आला. गच्चीला कठडा नव्हता. त्यानं मला जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवून उभं केलं. "वर पाहता पाहता पोरं कडेले जातात. पाठ भिंतीपासून सुटली, का दोरा सोडून द्याचा."

पतंग छान चढली. मग शेजारची पतंग तिला कापायला अंगावर आली आणि दोरा खेचता खेचता मी कडेकडे सरकू लागले.

"सोड!" तो ओरडला.

मी सोडला. आजूबाजूच्या गच्च्यांवर कल्ला झाला. भाऊ म्हणाला, "एवढ्यात सोडली?"

पतंगवाल्यानं लंगड्या पायावर थाप मारली. "मी नव्हती सोडली गा."

आता आमच्या गच्चीला कठडा आहे. तरी संक्रांतीला मी आधी भिंत शोधते, पाठ टेकते आणि मगच वर बघते.