पेण ते वडखळ, माझ्या वाटणीचं

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझी थकण्यातच गेली. आम्ही रोह्याला राहायचो. नवरा कंपनीत शिफ्टला आणि मी बहुतेक वेळ कॉटवर. सकाळी बोटं आखडलेली असायची, कणीक मळायची म्हटलं तरी दम लागायचा. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ल्यूपस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असं त्या म्हणाल्या. गोळ्यांनी माझं तोंड सुजून गोल झालं, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली हो तुझी.

अशा आजारांवरच्या संशोधनाला निधी जमवण्यासाठी याच डॉक्टरीणबाईंनी पेण ते वडखळ पदयात्रा काढली. "जमेल तेवढंच चाला, पण या," असं त्यांनी आम्हा पेशंटना कळवलं. ते नव्वदचं दशक होतं, आमच्याकडे असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून मी आईला निरोप धाडला. आई धरमतरच्या खाडीकाठी राहायची, मिठागरात राबायची. त्या दिवसाचं काम सोडून ती माझ्याआधी पेणच्या स्टँडवर येऊन बसली होती.

"चालायचं कशाला गो?" तिने विचारलं.

"औषध शोधायला पैसे लागतात. लोकांनी त्यासाठी वर्गणी दिलीय."

"मंग दिली ना? आता चालायचं कशाला?"

मी तिला घेऊन बाकीचे जमले होते तिकडे गेले.

उन्हाआधी निघायचं ठरलं होतं. पण पाहुणे उशिरा आले, मग हार झाले, भाषण झालं. आम्ही हायवेला लागलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि या आजारात ऊन वाईट. मी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, वर छत्री. ती धरून मनगट ठणकायला लागलं तेव्हा आईने ती माझ्या हातातून घेतली. बाजूने ट्रक धूळ उडवत जात होते. पुढचे लोक घोषणा देत होते, त्या आमच्यापर्यंत येईस्तोवर विरून जायच्या.

अर्ध्या वाटेवर एका चहाच्या टपरीशी मी बाकावर बसले, ती उठूच शकले नाही. मागून पेशंटसाठी ठेवलेली जीप आली.

"आई, तूही चल जीपमधून."

"नाय. तू जा. तुज्या वाटणीचं मी चालते."

माझ्या छातीवरचा कागदी बिल्ला काढून तिने आपल्या पदराला लावला, छत्री माझ्या मांडीवर ठेवली आणि निघाली. थोड्या वेळाने जीप तिच्या बाजूने गेली. ती खाली मान घालून झपझप चालत होती, तिने मला पाहिलं नाही. मला रडू आलं नाही. तेवढी ताकदच नव्हती.

वडखळला एका दुकानाच्या सावलीत मी तिची वाट पाहत बसले. ती आली, समोर उभी राहिली.

"आता बरं वाटतंय?"

ती अगदी मनापासून विचारत होती.

"नाही गं आई. औषध निघायला वर्षं लागतील."

"किती?"

"कुणालाच माहीत नाही."

ती माझ्याजवळ टेकली. तिच्या टाचांच्या भेगांतून रक्त आलं होतं. सरबत वाटत डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिने त्यांना सरळ विचारलं, "माजी पोर बरी व्हईल काय?"

"आजार आटोक्यात राहील," त्या म्हणाल्या. "पूर्ण बरा होईल असं मी आज नाही सांगू शकत."

"बरं," आई म्हणाली आणि सरबत प्यायली.

तिथून तिचं घर जवळ होतं. तरी ती माझ्याबरोबर रोह्याच्या एसटीत बसली. पुढचे कितीतरी दिवस माझा ताप उतरला नाही. आई राहिली. सकाळी भात-आमटी करून ठेवायची, मग दुपारभर आम्ही दोघी पंख्याखाली झोपायचो. दिवसा इतकी झोपलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.