कटआउटवरचं टोपडं

फोन आला तेव्हा मी टोकावड्याच्या ढाब्यावर चहा घेत होतो आणि समोर माझा ट्रक विटा भरून उभा होता. फोनवर गौतमचा मुलगा होता. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाला. शहापूरच्या त्याच्या वायरिंगच्या टपरीत सकाळी एका टेम्पोखाली आडवा होऊन काम करत असताना गौतमच्या छातीत कळ आली आणि लोकांनी त्याला बाहेर ओढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो. रडू आलं नाही. भीती वाटली. आता घाटात माझ्या शेजारी कोण बसणार, असं मनात आलं. पंधरा वर्षांपासूनचा दोस्त गेला आणि मला माझी पडली होती. याची लाज वाटते, पण लिहायचं तर खरं लिहावं.

ट्रक चालवणाऱ्यानं आपण भित्रे आहोत हे चारचौघांत सांगू नये, असा आमच्या धंद्यात रिवाज आहे. मी मात्र पहिल्यापासून भित्रा. वर जाताना मुरबाडकडच्या विटा आणि खाली येताना ओतूरकडचा कांदा, असं माळशेज घाटात माझं अर्धं आयुष्य गेलं, तरी पहिल्या वळणाला पोटात गोळा आला नाही असा दिवस आठवत नाही. गाडी वडिलांच्या वेळची, पुढे लांब नाक असलेली. वडील गेल्यावर तिचं स्टिअरिंग माझ्या हाती आलं आणि तिची पूजा आईनं स्वतःकडे घेतली. दसऱ्याला सगळे गाडीला हार घालतात, चाकासमोर नारळ फोडतात. आमची आई बोनेट उघडायला लावायची. "वरून पुजून काय होतं? चालतं ते आतलं," असं म्हणून ती इंजिनाला हळदकुंकू लावायची आणि नारळाचं पाणी आत सगळीकडे शिंपडायची. मलाही ते बरं वाटायचं. घाटातून जाणाऱ्या माणसाला जेवढे देव मिळतील तेवढे कमीच!

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. त्या वर्षी गाडीचे दिवे सारखे जळत होते. मुरबाडला दोनदा बल्ब बदलले, ओतूरला एकदा. बल्बच आता पूर्वीसारखे येत नाहीत, असं सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. ऑगस्टात एकदा बहिणीकडे गेलेल्या आईला घेऊन कांदा भरून खाली येत होतो. दुपारचे चार वाजले असतील, पण घाटात धुकं असं दाटलं होतं की बोनेटचं टोकही दिसेना. दिवे लावले. ते आधी पिवळे लागले, मग एकाएकी पांढरेफटक झाले आणि दोन्ही एकदम गेले. वायपर अर्ध्या काचेवर थांबला. हॉर्न दाबला तर घशात कफ अडकल्यासारखा घोगरला आणि गप्प झाला. केबिनमध्ये बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास भरला.

एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला दरड. तिथे उभं राहावं तर मागून येणाऱ्या गाडीला आम्ही दिसणार नाही, पुढे जावं तर मला रस्ता दिसत नाही. आई खाली उतरली. तिनं डोक्यावरून प्लास्टिकची पिवळी खोळ घेतली होती.

"आये, कुठं चाललीस गो? वर बस!"

"मी पुढं चालते. तू माज्या खोळीवर नजर ठेव नि हळू ये."

साठीची बाई ती. अनवाणी नऊवारीत पुढे चालतेय, चपला हातात, आणि मी तिच्यामागे दहा टन कांदा घेऊन पहिल्या गिअरमध्ये सरकतोय. समोर एक पिवळा ठिपका, बाकी जग नाही. तिचा पाय घसरला तर? ब्रेक लागायला जरा उशीर झाला तर? एका वळणावर तो ठिपका दिसेनासा झाला. मी सगळ्या अंगानं ब्रेकवर उभा राहिलो. ओरडायला तोंड उघडलं... मग बोनेटच्या अगदी पुढ्यातून ती वर आली. हातातली चप्पल पडली होती, ती उचलायला वाकली होती. तीन वळणं तशीच उतरलो, मग धुकं विरळ झालं. त्या दिवसानंतर कित्येक महिने माझा उजवा पाय झोपेतही ब्रेक दाबायचा, असं बायको सांगते.

गौतमचं नाव मला तेव्हा कुणीतरी सांगितलं. शहापूरला हायवेच्या कडेला त्याची पत्र्याची टपरी, आत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली वायरींची भेंडोळी. माणूस किडकिडीत, बोलायला कंजूष. त्यानं नव्या बल्बांना हातच लावला नाही. बोनेट उघडून थेट केबिनच्या पत्र्यावरची मुठीएवढी काळी पेटी सोडवली. ती म्हणजे कटआउट. डायनॅमोची वीज बॅटरीला नि दिव्यांना किती सोडायची ते ही पेटी ठरवते. ती बिघडली की वीज मोकाट सुटते, मग कितीही बल्ब घाला, जळणारच. गौतम पेटी घेऊन उजेडाला गेला, माझ्याकडे पाठ करून झाकण उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"गाडीची पूजा कोन करतं रे?" त्यानं विचारलं.

"आमची आय. का?"

"नाय, असाच इचारला."

मी त्याला घाटातली सगळी हकिकत सांगितली. आई गाडीपुढे कशी चालली तेही सांगितलं. त्यानं झाकण लावलं, पेटी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि म्हणाला, "जुनी झाली पेटी. नवी बसवू." नवी बसवली, जळक्या वायरी बदलल्या, बॅटरी बदलायला लावली आणि हात पुसून तो सरळ ट्रकच्या डाव्या बाजूला चढून बसला. मला वाटलं, कुठेतरी सोडायचं असेल. तर म्हणे, घाटात चल.

ही त्याची रीत होती. गाडीच्या वायरिंगला हात लावला की पहिल्या फेरीला तो स्वतः बसायचा. "माजा काम दुकानात पुरा होत नाय, घाटात होतो," असं म्हणायचा. आणि गंमत अशी की या माणसाला घाट लागायचा! निम्म्या चढावर खिडकीतून मान बाहेर काढून तो भडाभडा ओकला, पाणी प्यायला, आवळा तोंडात टाकला आणि पुन्हा चार्जिंगच्या काट्यावर डोळे लावून बसला. बोगद्यात शिरल्यावर म्हणाला, "दिवे, वायपर, हॉर्न, सगळा चालू कर." माझा हात बटणापर्यंत जाईना. आता पुन्हा पांढरेफटक होतील आणि जातील, असंच वाटत होतं. काटा हलला, थरथरला आणि जागेवर येऊन थांबला. दिवे पिवळे, शांत. मी घामानं भिजलो होतो. मी त्याला म्हटलं, "गौतम, मी लय भित्रा आहे रे."

"मंग बरा हाय, जना," तो म्हणाला. "ज्याला भ्या वाटत नाय त्याच्या गाडीत मी बसत नाय."

तिथून आमची दोस्ती झाली. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी तो न बोलावता एसटीनं गावात हजर! खिशात ट्यूबच्या रबराचं एक शिवलेलं टोपडं. बोनेट उघडून त्यानं ते कटआउटवर चढवलं, तान्ह्या पोराला घालावं तसं नीट ओढून. मी चेष्टा केली, "पाऊस संपला नि आता टोपडं घालतोस होय?" तो नुसता हसला. आईनं पूजा केली, पाणी शिंपडलं. तो हात जोडून बाजूला उभा. सगळं झाल्यावर त्यानं आतलं पाणी फडक्यानं टिपून घेतलं आणि टोपडं काढून खिशात घातलं. मी म्हटलं, राहू दे की. तर म्हणे, कायम झाकली तर पेटी तापते. मग दरवर्षी तेच. त्याच्या घरी हे असले विधी करत नाहीत हे आईला ठाऊक होतं, त्यामुळे तिला याचं फार अप्रूप. "माज्या पूजेला गौतम शापूरवरून येतो," असं ती आळीभर सांगायची आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवायची. चार वर्षांमागे आई गेली. पूजा माझ्याकडे आली, तरी तो टोपडं घेऊन येतच राहिला. मी त्याला विक्षिप्त म्हणायचो. इतकी वर्षं मला एकदाही शंका येऊ नये, म्हणजे कमाल आहे.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी शहापूरला वहिनींना भेटायला गेलो. निघताना त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. जुना कटआउट होता. झाकणावर रंगानं माझ्या गाडीचा नंबर, झाकणाची एक कड फाकलेली. मी झाकण उघडलं... आत सगळीकडे वाळलेली हळद. कुंकवाचे काळपट डाग. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला आणि एक पट्टी त्या राड्यात दुसरीला चिकटून बसलेली. कोपऱ्यात नारळाच्या शेंडीचा एक धागा.

मी तो धागा उचलला आणि वहिनींकडे बघितलं.

"ते बोलले होते," वहिनी सांगू लागल्या, "आये हाय तवर जनाला सांगायचा नाय. तो घरी जाऊन बोलंल. जी बाई पोरासाठी गाडीपुढं चालली, तिला कललां का दिवे तिच्याच पूजेच्या पान्यानं गेले, तर ती जगल का? नि आये गेल्यावर बोलले, आता सांगून तो आयेवर राग धरल. टोपडा हाय ना, तेवढा पुरं."

मी रागावलो असतो का? खरंच सांगतो, असतो. घाबरट माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतंच. आईनं देवासाठी शिंपडलेल्या पाण्यानं आम्ही दोघं दरीत जाणार होतो, हे त्या वर्षी कळलं असतं तर मी तिला काय बोललो असतो, या विचारानं मला आता त्या धुक्यापेक्षा जास्त भीती वाटते. ते बोलणं गौतमनं माझ्या तोंडातून कधी निघूच दिलं नाही.

परवा दसरा झाला. टोपडं वहिनींकडून आणलं होतं. बोनेट उघडलं, ते पेटीवर चढवलं. एक कड नीट बसेना, ती पुन्हा ओढून बसवली. मग आई घालायची तसंच हळदकुंकू घातलं आणि नारळाचं पाणी आत सगळीकडे शिंपडलं, हात आखडता घेतला नाही. फडक्यानं टिपलं, टोपडं काढून खिशात ठेवलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा कुणाला द्यायचा ते कळेना, तो डाव्या सीटवर ठेवला. दुपारी विटा घेऊन निघालो. पहिल्या वळणाला पोटात गोळा आला तो आलाच. बोगद्यात दिवे, वायपर, हॉर्न, सगळं चालू केलं आणि काट्याकडे बघत राहिलो. फार भ्यालो होतो... दिवे मात्र पिवळे, शांत, शेवटपर्यंत लागलेले होते.