मनगट धरणारी शेजारीण

बोलायचं असलं की ती आधी समोरच्याचं मनगट धरायची. जोरात नाही, नाडी बघणारे वैद्य धरतात तसं, तीन बोटांनी. मग म्हणायची, "अक्का, पाहा." पाहण्यासारखं काही असेलच असं नाही. पाण्याचा टँकर आला नाही, वांगी महाग झाली, जिन्याखाली मांजरीला पिल्लं झाली, सगळ्याची सुरुवात तीच. आधी मनगट, मग "अक्का, पाहा."

मुलांनो, तुम्ही अमेरिकेहून सुट्टीत चेन्नईला आलात की तुमचीही मनगटं तिनं धरली आहेत. ती तुम्हाला आठवत असेल तर पुढचं वाचायला सोपं जाईल. नसेल, तर त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

अण्णा नगरच्या आमच्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर एकटी राहत असे. घराणं तंजावरकडचं. तिथल्या मराठी लोकांचं मराठी आपल्याकडे कधीच मागे पडलेल्या शब्दांचं आणि चाल मात्र तमिळ. ती "बसा" म्हणत नसे, "बैसा" म्हणे. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी, व्याकरणाची शिस्त असलेली. पहिल्या भेटीत मी तिचा एक शब्द दुरुस्त केला, तेव्हा ती हसून म्हणाली, "तुमचं मराठी पुस्तकातलं, अक्का. आमचं पेटीतलं. थोडा कापराचा वास येणारच." त्यानंतर मी तिचं काही दुरुस्त केलं नाही.

तिच्या चेहऱ्यावर कोड होतं. उजव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक मोठा पांढरा पट्टा, आणि ओठांच्या कडांना लहान डाग. तरुणपणी आलं. लग्न जमत आलं होतं ते राहिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला नोकरी लागली तेव्हा नातेवाईक म्हणाले, बरं झालं, तिथं कुणाला तोंड दिसत नाही. हे तिनंच मला सांगितलं, लोणच्याच्या फोडी करता करता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

आमच्या घरी आम्हाला शिकवण असायची की कुणाच्या व्यंगाकडे टक लावून पाहू नये. मी ती शिकवण इतकी चांगली गिरवली होती की तिच्याशी बोलताना माझी नजर आपोआप तिच्या कानातल्या कुड्यांवर नाहीतर खांद्यामागच्या कॅलेंडरवर जाऊन बसे. इमारतीतल्या सगळ्याच बायकांचं तसं होतं. तिच्या कुड्या कशा आहेत, हे आम्ही कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं.

तुमच्यातली धाकटी तेवढी वेगळी निघाली. चार-पाच वर्षांची असेल. या शेजारणीच्या मांडीवर चढली आणि अंगठ्याला थुंकी लावून तिच्या गालावरचा पट्टा पुसायला लागली. मी धावत जाऊन तिचा हात मागे ओढला, एक चापटही दिली. ती मात्र म्हणाली, "पुसू द्या की, अक्का. निघालं तर बरंच." धाकटी रडत राहिली, आणि ती तिला चापटीबद्दल माझ्या विरुद्ध चिथावत राहिली.

त्सुनामी येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्हा सहा बायकांचा भूतानला जायचा बेत ठरला. शनिवारी संध्याकाळी आम्ही मराठी बायका गच्चीवर जमत असू, तिथंच. सुचवलं मी, पण हट्ट धरला तिनं. "जन्मभर लोकांना परदेशाच्या लाइनी जोडून दिल्या," ती म्हणाली. "लंडन घ्या, सिंगापूर घ्या, बोला. मी आपली खुर्चीतच. आता मला परदेशात जायचंय, आणि विमानानं नको. पायानं. एक पाय इथं, एक पाय तिथं."

भूतानला आपल्याला व्हिसा लागत नसे. (तुमचा पासपोर्ट अमेरिकेचा, तुम्हाला वेगळे सोपस्कार.) सीमेवरच्या गावात एक कचेरी होती. तिथं अर्ज, फोटो आणि मतदार ओळखपत्र दाखवलं की आत जायचं परमिट मिळे. त्या गावापर्यंत कुणीही जाऊ शकत असे, परमिट लागायचं ते पुढच्या डोंगरांसाठी. कागदपत्रांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सहा रंगांच्या सहा फायली केल्या. सगळ्यांना नुंगंबाक्कमच्या एकाच स्टुडिओत पाठवलं, म्हणजे फोटो एकसारखे येतील.

त्या स्टुडिओवाल्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला प्रत्येकीवर उपकार करायचे होते. आमच्यातल्या सुलभाताईंच्या गळ्याच्या सुरकुत्या गेल्या. त्या इतक्या खूश झाल्या की आणखी आठ प्रती काढून आल्या. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली.

ती आपलं पाकीट घेऊन वर आली तेव्हा मी टेबलावर फूटपट्टी घेऊन बसले होते. तिनं मनगट धरलं. "अक्का, पाहा."

मी पाकिटातून फोटो बाहेर काढले. गव्हाळ, नितळ, एकसारखा चेहरा. कुठंही डाग नाही. कुड्या मात्र त्याच.

"स्टुडिओवाला म्हणाला, मामी, सगळं क्लीन करून दिलंय, जास्तीचे पैसे नकोत," ती म्हणाली.

मी फूटपट्टी लावली. "आकार बरोबर आहे. मागे पांढरं आहे. दोन्ही कान दिसतात."

"आणि?"

"आणि काय? ठीक आहे."

बोटं मनगटावर तशीच होती. "ठीक म्हणता?"

"ठीक."

"सेरी," ती म्हणाली. सेरी म्हणजे बरं. मग तिनं हात सोडला.

मी पाहिलं नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मी पाहिलं होतं. हा फोटो तुझा वाटत नाही, असं म्हणायचं तर तुझा चेहरा कसा आहे तेही म्हणावं लागलं असतं, आणि इतक्या वर्षांत तो शब्द मी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. मला वाटलं, सभ्यपणा म्हणजे हाच. फोटो मी तिच्या पिवळ्या फायलीत लावून टाकले.

शुक्रवारी दुपार उलटल्यावर आम्ही सीमेवर पोचलो. रस्त्यावर एक मोठी रंगवलेली कमान, तिच्या अलीकडे रिक्षांचे भोंगे आणि चिखल, पलीकडे एकदम शांत, झाडलेला रस्ता. बाकीच्या बॅगा सांभाळत होत्या. ती कमानीखाली जाऊन उभी राहिली, साडी जरा वर धरली आणि एक पाऊल पलीकडे टाकून तशीच थांबली. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. "थांब रे," ती त्याला तमिळमध्ये म्हणाली, "मी दोन देशांत आहे." त्याला काही कळलं नाही, पण तो थांबला.

कचेरी जवळच, वरच्या मजल्यावर होती. खिडकीमागे त्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा घोळदार पोशाख घातलेला, पांढऱ्या बाह्या दुमडलेला एक तरुण अधिकारी होता. पाच जणींचे अर्ज भराभर झाले. सहावा त्यानं हातात घेतला आणि थांबला. ओळखपत्रावर डाग होते. अर्जावरच्या फोटोत नव्हते. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

नीट पाहिलं. उद्धटपणे नाही. गर्दीत आपलं माणूस शोधताना पाहतो तसं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आम्ही पाचही जणी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागलो. ती मात्र अगदी सरळ उभी होती.

"मॅडम, यह फोटो आपका है?"

"मेरा ही है," ती म्हणाली. "स्टुडिओवाले ने धो दिया."

तो हसला. "तो बिना धोया हुआ लाइए."

मी लगेच पुढे झाले आणि माझ्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्रजीत लांबलचक परिच्छेद म्हटला. त्यानं तो शांतपणे पूर्ण ऐकून घेतला. मग इंग्रजीतच म्हणाला की मी ज्यांना आत सोडतो, त्या वरच्या नाक्यावर ओळखू आल्या पाहिजेत. त्याचं बरोबर होतं. पण खिडकी बंद व्हायला आली होती, आणि शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे तिचं परमिट सोमवारी.

जिन्यात आम्ही उभ्या राहिलो. खाली जीपवाला सकाळी किती वाजता निघायचं ते विचारत होता.

"सगळ्याच थांबू या का?" सुलभाताई म्हणाल्या.

"आणि थिंफूचं हॉटेल?" दुसरी एक जण म्हणाली. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण फायली माझ्या हातात होत्या.

तिनं माझं मनगट धरलं. "तुम्ही व्हा पुढे. मी सोमवारी येते. बस असते म्हणे."

"एकटी कशी राहशील?"

"एकटीच तर राहते, अक्का. जागा तेवढी बदलेल."

मी थांबते, हे दोन शब्द माझ्या गळ्यापर्यंत आले होते. पण माझ्याशिवाय या चौघींचं कसं होणार, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांचं उत्तम झालं असतं. जीपवाल्याला रस्ता माहीत होता. मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "फोन कर." जिनं जन्मभर जगाचे फोन जोडले, तिला.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला चहाचा पेला घेऊन उभी होती. वरच्या नाक्यावर शिपायानं एकेकीचा फोटो आणि एकेकीचा चेहरा पडताळून पाहिला. माझ्यापाशी तो क्षणभर रेंगाळला, वर्तुळांमुळे असेल. तेवढ्यानंही मला अवघडल्यासारखं झालं. पुढचे दोन दिवस किती सुंदर होते ते मी तुम्हाला फोटोंसकट कळवलेलं आहे. प्रत्येक वळणावर कुणीतरी म्हणे, "ती हवी होती." मग कुणीतरी चिवड्याचा डबा काढी.

सोमवारी संध्याकाळी आम्ही हॉटेलात जेवायला बसलो असताना ती दारात उभी राहिली. हातात पिवळी फाईल, चपला धुळीनं भरलेल्या. "ये ये, बैस," आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, फार मोठ्यानं. कुणी तिची बॅग घेतली, कुणी ताट मागवलं. सगळ्यांनी सगळं केलं, वर पाहिलं नाही तेवढं.

ती माझ्या शेजारी बसली आणि उरलेला एक फोटो टेबलावर ठेवला. सीमेवरच्या गावात काढलेला, कसल्याशा टपरीवजा दुकानात. "तोही विचारत होता, डाग काढू का? म्हटलं, हात लावू नको बाबा. आधीच एकानं माझे तीन दिवस खाल्ले." सगळ्या हसल्या. मग तिनं माझं मनगट धरलं, आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी फोटो दाखवला, तेव्हा तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीत? मी दोनदा विचारलं."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटेल म्हणून कुणी माझ्याकडे बघतच नाही, अक्का. मग मी कुणाशी बोलतेय ते कळावं कसं? म्हणून हात धरावा लागतो. एक्स्चेंजमध्ये नव्हता लागत." तिनं माझा हात सोडला आणि ताट पुढे ओढलं. "हे चीजमधल्या मिरच्यांचं काय आहे? फार छान आहे. तुम्ही खाल्लं नाहीत?"

एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही. परत आल्यावर तिच्याकडे पाहून बोलायचा मी प्रयत्न करत असे. मला ते जमत नसे, आणि जमत नाही हे तिला दिसे. मग तीच मनगट धरून माझी सुटका करी.

त्यानंतर तीनेक वर्षांनी ती गेली. चार दिवसांचा ताप, तेवढंच निमित्त झालं. कोइंबतूरहून तिचा पुतण्या आला. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. हार घालायला फोटो हवा होता आणि घरात त्याच्या आत्याचा एकही सापडत नव्हता. लग्नकार्याच्या फोटोंत ती कायम कडेला, नाहीतर कुणाच्या तरी मागे. माझ्याकडे होते. माझ्याकडे सगळं असतं. मी लखोटा काढला आणि दोन्ही फोटो त्याच्या तळहातावर ठेवले, नुंगंबाक्कमचा आणि सीमेवरचा.

तो बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "हा घेतो, मामी. यात आत्या किती छान दिसतेय." आणि मग माझ्याकडे वळून, "हा ठीक ना?"

तेव्हा मी काय उत्तर दिलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तेराव्याला गेले तर तो नितळ चेहरा मोठा करून भिंतीवर लावलेला, वर मोगऱ्याचा हार. आलेल्या बायका कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या. मीही हात जोडले. नेहमीसारखं तिच्याशी बोलायला खाली उतरून आल्यासारखं वाटावं म्हणून त्या कुड्यांकडे पाहत राहिले. तेवढ्याच ओळखीच्या होत्या.

दुसरा फोटो या पानांबरोबर पाठवते आहे. तो धाकटीसाठी. तू त्या गालाला हात लावला होतास म्हणून मी तुला चापट दिली होती, ती मला अजून लागते. फोटो अगदी लहान आहे, परमिटच्या मापाचा. सगळ्यांनी दिव्याजवळ बसून पाहा, आणि नजर हटवू नका.