पलीकडच्या पेठेतलं कॉलेज

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मूल जन्मलं की आधी त्याची तालीम आणि तिचा फुटबॉल संघ ठरतो, नाव बाराव्या दिवशी ठेवतात. वर्षाराणीचे वडील आकाराम तर पेठेच्या तालमीचे कट्टर भक्त. उद्यमनगरात दिवसभर लेथ मशीनवर उभं राहायचं, आणि तालमीची फुटबॉल मॅच असली की मालकाला सरळ सांगायचं, "आजचा पगार कापा." पलीकडच्या पेठेच्या संघाचा रंग जांभळा, म्हणून घरात जांभळी साडी चालायची नाही. चिमणाबाईंनी, म्हणजे वर्षाराणीच्या आईनं, एकदा हौसेनं आणली, ती दुकानदाराला परत गेली. जांभळी वांगी तेवढी चालायची, कारण ती आकारामांना आवडायची.

अशा घरातल्या पोरीला खेळाच्या व्यवस्थापनाची पदवी हवी होती. दहावी-बारावी तिनं मामाकडे गडहिंग्लजला केली. तिथल्या फुटबॉल स्पर्धांत बाहेरगावच्या संघांचं राहणं-जेवण, मैदानाची आखणी, रुसलेल्या पंचांची समजूत, सगळं मामाच्या हाताखाली तिनं निभावलं होतं. आपल्याला यातच गती आहे हे तिला कळून चुकलं होतं. पण पुण्यातल्या कॉलेजची फी ऐकून आकाराम म्हणाले, "एवढ्यात नवी लेथ येती की गं! कोल्हापुरात कुठं हाय का बघ. न्हायतर गप बीकॉम कर."

कोल्हापुरात होतं. एका ट्रस्टनं दोन हजार सहा साली तो कोर्स काढला होता, आणि हंगामभर संघाबरोबर काम करणाऱ्याला निम्मी फी माफ होती. पुरी फी आकारामांच्या आवाक्याबाहेर, निम्मी कशीबशी झेपणारी. मेख एवढीच, की कोर्सचे प्रमुख प्रभुलिंग सर पलीकडच्या पेठेच्या संघाचे व्यवस्थापक होते, आणि काम त्याच संघाबरोबर करायचं होतं.

मुलाखतीत सरांनी विचारलं, "गाव कुठलं?"  शिवाजी पेठेचं नाव काढलं तर हा माणूस आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाही, असं वर्षाराणीनं मनाशी धरलं. "गडहिंग्लज," ती म्हणाली. दाखलाही तिथलाच होता.

"व्हय? आमच्या आक्काला तिकडंच दिलीया!" सर खूश झाले. सवलत मिळाली. घरी तिनं कॉलेज सांगितलं, संघ सांगितला नाही.

तिथून पुढं मात्र पोरीचं अन्न गोड लागेना. सरावाला जाताना ती ओढणीनं तोंड झाकून लांबच्या गल्लीनं जायची. कुणी नुसतं "काय गं, आकारामची न्हवं तू?" म्हटलं तरी ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून पाय उचलायची. जेवताना वडील पलीकडच्या संघाला शिव्या घालू लागले की ती अर्ध्या ताटावरून उठायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! काम मात्र ती झकास करत होती. तिच्या संघातलं एकही पोर कधी उपाशी मैदानात उतरलं नाही. आणि तिच्याच कष्टांनी खाऊन-पिऊन टुणटुणीत झालेला तो संघ फायनलला गेला. समोर कोण, तर पेठेची तालीम. आता इकडे आड, तिकडे विहीर. आजारी पडल्याचं सोंग करावं तर सवलत जाणार.

फायनल पेठेची तालीम हरली, तीही पेनल्टीवर. प्रेक्षक पिसाळले आणि जांभळ्या संघाच्या गाडीकडे धावले. खेळाडू गाडीत बसेपर्यंत मधलं फाटक बंद ठेवणं वर्षाराणीचं काम होतं. तिनं कडी घातली न घातली तोच पलीकडून लोक गजांवर येऊन आदळले. सगळ्यात पुढं, ओरडून घसा बसलेले आकाराम.

त्यांनी तिला पाहिलं. तिच्यामागे उभ्या प्रभुलिंग सरांना पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी तिलाच विचारलं, "पावणं, कुठल्या गावचं म्हणायचं तुमी?"

आपल्या बापानं आपल्याला परकं केलं. गडहिंग्लज म्हणावं तर बाप गेला, पेठ म्हणावं तर कॉलेज गेलं.

"शिवाजी पेठ," ती म्हणाली. "आकारामांची पोरगी. पर फाटक उघडत न्हाय, आण्णा."

आकाराम माघारी वळले. रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, वडलांना घेऊन आमच्या तालमीत ये. तिनं तो निरोप आणि गडहिंग्लजची थापही भीत भीत सांगितली. आता हातातला कप भिरकावतील असं तिला वाटलं. आकारामांनी चहा संपवला आणि धुतलेला शर्ट अंगात घातला.

त्या तालमीच्या पायरीशी ते थबकले आणि आधाराला त्यांनी तिचं मनगट धरलं. घाबरणारी आपण एकटीच नाही, हे तिला तेव्हा कळलं. रस्त्यापलीकडे पेठेतली दोन माणसं सायकली थांबवून बघत होती. संध्याकाळपर्यंत पेठभर होणार होतं.

"आण्णा, ऱ्हाऊ द्या," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी बीकॉम करती."

"गप."

आकारामांनी त्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि पायरी चढून ते सरांसमोर उभे राहिले. "मी आकाराम, शिवाजी पेठेतला. पोरगी खोटं बोलली, तिचा कान मी धरतो. पर तिचं शिक्षान थांबवू नगासा."